बेटावर पोहोचणारे पुस्तक

लक्षद्वीपमध्ये ३६ बेटे आहेत, त्यांपैकी वस्ती १० बेटांवर. दृष्टिहीन विद्यार्थ्याचे ब्रेल पुस्तक तिथे पोहोचवायचे, तर ते मुख्यतः कोचीहून बोटीने न्यावे लागते. छापील पुस्तक एक असले, तरी ब्रेलमध्ये त्याचे अनेक जाडजूड खंड होतात. त्यातच पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्यांचे वेळापत्रक कोलमडते, आणि दमट हवेत कागद सादळला की ठिपके बोटांना नीट लागत नाहीत.

डिजिटल पुस्तक इथे मोठी सोय ठरते. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा अपंग व्यक्तींसाठी वाचनसुलभ प्रती काढू देतो. २०१६मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयातून अशी पुस्तके मिळतात. कोचीहून बेटांपर्यंत आलेल्या समुद्राखालच्या केबलचे उद्घाटन जानेवारी २०२४मध्ये झाले, त्यामुळे वेगवान इंटरनेटचा मार्गही खुला झाला.

पण फाइल पोहोचली म्हणजे पुस्तक वाचता आले, असे नाही. पानांचे नुसते फोटो असलेली पीडीएफ स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, थेट वाचता येत नाही. मजकूर युनिकोडमध्ये हवा, धड्यांना शीर्षकांच्या खुणा हव्यात, नकाशाचे शब्दांत वर्णन हवे. भूमितीच्या आकृतीसाठी मात्र हाताला जाणवणारी उठावदार प्रतच लागते.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत पुस्तके व शिक्षणसाहित्य मोफत देणे ही सरकारची जबाबदारी आहे. ते सत्राच्या पहिल्या दिवशी हातात पडले, तरच त्या हक्काला अर्थ आहे.