संगणक आणायचा तर आधी माणसे तयार करा

दुकानात किंवा कारखान्यात संगणक आणायचा म्हटले की आपल्याकडे पहिली चर्चा होते ती किमतीची. यंत्र कितीला पडेल, सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, वर्षाचा देखभालीचा खर्च किती, एवढे ठरले की मालक ऑर्डर देऊन मोकळा होतो. ते यंत्र चालवणार कोण आणि ज्यांनी वीस-वीस वर्षे खतावणी लिहिली त्या मुनीमजींचे काय, हा प्रश्न त्या वेळी कोणी काढत नाही. तो निघतो सहा महिन्यांनी, संगणकातला शिल्लक माल आणि गोदामातला माल जुळेनासा झाला म्हणजे.

लहान व्यापाऱ्यांचीच ही गोष्ट आहे असे मात्र नाही. देशातील सर्वांत मोठ्या बँकेला, म्हणजे भारतीय स्टेट बँकेला, याच वाटेने जावे लागले. तिची हकिकत आम्ही येथे देत आहोत. बँकांच्या व्याजी व्यवहाराबद्दल आमच्या वाचकांची जी मते आहेत ती आम्हाला ठाऊक आहेत. तो विषय वेगळा. येथे प्रश्न कारभाराचा आहे, आणि कारभाराचे शहाणपण कुठूनही घ्यावे.

संगणक म्हणजे नोकरीवर गदा, ही भीती आपल्या देशात जुनी आहे. १९६० च्या दशकात कलकत्त्याला आयुर्विमा महामंडळाच्या इलाको हाऊसमध्ये संगणक बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी इमारतीवर रात्रंदिवस पहारा दिला होता. बँकांमध्येही संघटनांचा विरोध कडवा होता. त्यातून मार्ग निघाला तो ८ सप्टेंबर १९८३ च्या करारामुळे. इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना समोरासमोर बसल्या आणि यंत्रे मर्यादित प्रमाणात कशी आणायची हे लेखी ठरले. पाठोपाठ १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे दिसू लागली. ती चालवणाऱ्या कारकुनाला वेगळा भत्ता मिळाला. हा वेग पाहून अनेक जण हसले. आमच्या मते मात्र तेव्हा घालवलेला वेळ वाया गेला नाही. यंत्र आणण्यापूर्वी ते वापरणाऱ्याला विचारले पाहिजे, एवढे तरी त्यात मान्य झाले होते.

पुढे वेग वाढला तो वरून आलेल्या हुकमाने. केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी बँकांना फर्मावले की १ जानेवारी २००१ पर्यंत सत्तर टक्के कारभार संगणकावर आला पाहिजे. त्याच सुमारास सार्वजनिक बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना काढली. २००१ मध्ये एकट्या स्टेट बँकेतून वीस हजारांहून अधिक लोक पैसे घेऊन घरी गेले. त्यांत कामचुकार होते तसे जाणकारही होते. अशा योजनेत बहुधा ज्याला बाहेर किंमत आहे तोच आधी उठतो.

आणि नेमके यानंतर कोअर बँकिंगचे काम सुरू झाले. २००२ मध्ये ते टाटा कन्सल्टन्सीकडे सोपवले गेले. तोवर शाखेत संगणक असला तरी तो त्या शाखेपुरताच होता. खाते शाखेचे, लेजर शाखेचे; धुळ्याच्या खातेदाराला पुण्यात आपल्याच बँकेत परक्यासारखे उभे राहावे लागे. आता सर्व खाती एका ठिकाणी, नवी मुंबईत बेलापूरच्या केंद्रात, आणायची होती.

हे ऐकायला सोपे वाटते. ज्यांनी बँकेत जूनअखेर आणि डिसेंबरअखेर रात्री जागून हाताने व्याज काढले आहे त्यांना विचारा! जुन्या लेजरमध्ये एकाच नावाची चार खाती असत. पत्ता वीस वर्षांपूर्वीचा, सही ओळखू न येणारी, जन्मतारीख नाहीच. शेख अब्दुल रहमान आणि ए. आर. शेख हे एकच गृहस्थ की दोन, हे कोणते यंत्र सांगणार? ते सांगणारा हेडक्लार्क होता आणि अनेक शाखांत तोच निवृत्तीची रक्कम घेऊन निघून गेलेला होता. खर्च वाचवायचा म्हणून आधी माणसे कमी केली आणि मग त्यांच्या डोक्यातली माहिती यंत्रात भरायला घेतली, हा क्रम उलटा झाला असे आमचे स्पष्ट मत आहे. काम थांबले नाही, पहिल्या शाखा २००३ मध्ये जोडल्या गेल्या आणि २००८ पर्यंत बँकेच्या सुमारे दहा हजार शाखा एका जाळ्यात आल्या. पण काउंटरवर त्या वर्षांत ज्यांनी शिव्या खाल्ल्या ते बिचारे कारकून या यशाच्या वर्णनात कुठे येत नाहीत.

२००६ मध्ये ओ. पी. भट चेअरमन झाले. १९७२ साली ते याच बँकेत प्रोबेशनरी अधिकारी म्हणून लागले होते, म्हणजे बाहेरून आणलेले साहेब नव्हते. बाजारातला बँकेचा हिस्सा वर्षानुवर्षे घसरत होता आणि खासगी बँका शहरातले गिऱ्हाईक पळवत होत्या. यंत्रणा येत होती, तरी शाखेतला माणूस उदास होता. भटांनी आधी वरिष्ठ अधिकाऱ्यांना मुंबईबाहेर नेऊन काही दिवस एकत्र बसवले आणि बँकेची खरी अवस्था त्यांच्यापुढे मांडली. मग २००७ मध्ये ‘परिवर्तन’ नावाचा कार्यक्रम निघाला. काही महिन्यांत एक लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांना कार्यशाळांत बसवून बँक कुठे होती, कुठे आली आणि का, हे सांगितले गेले. यात बटणे कशी दाबायची हे शिकवणे मुख्य नव्हते. आयुष्यभर ज्याला फक्त सर्क्युलर आले त्याच्याशी प्रथमच कोणी तरी बोलत होते.

शिबिरांनी सगळे सुटले असे आम्ही म्हणणार नाही. आजही शाखेत गेले की ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य कानी पडते, पेन्शनर म्हातारा पासबुक घेऊन छपाईच्या यंत्रापुढे गोंधळून उभा असतो आणि वाचलेल्या वेळात कारकुनाच्या गळ्यात विमा विकण्याचे टार्गेट अडकवलेले असते. यंत्राने वेळ वाचवला, तो कोणाला मिळाला? हा प्रश्न चेअरमनच्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाला विचारला पाहिजे. अरुंधती भट्टाचार्य यांच्या काळात (२०१३ ते २०१७) महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या किंवा वृद्धांच्या देखभालीसाठी दोन वर्षांपर्यंत रजा घेऊन परत येण्याची सोय मिळाली, ही गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. शिकवलेले माणूस गमावणे महाग पडते, हा हिशेब त्यामागे आहे.

आता आपल्याकडे वळू. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि मालेगावचा यंत्रमागवाला असो की भिवंडीचा गोदामवाला, बहुतेकांना संगणकावर यावेच लागले. पुष्कळ ठिकाणी मालकाच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने सॉफ्टवेअर आणले, पगारावर एक पोरगा ठेवला आणि मुनीमजींना कोपऱ्यातली खुर्ची दिली. पण कोणता आडत्या उधारी कधी फेडतो, कोणत्या पार्टीचे बिल दोन नावांनी फाडावे लागते, कोणाचा माल परत येतो, हे मुनीमजींनाच माहीत. पोरगा दुसरीकडे हजार रुपये जास्त मिळाले की जातो, पासवर्डसुद्धा घेऊन.

म्हणून आमची सूचना अशी की सॉफ्टवेअरवाला दाखवायला येईल तेव्हा मुनीमजींना शेजारी बसवा आणि त्यांच्या शंका संपल्याशिवाय पैसे देऊ नका. तुमची नोकरी राहणार आहे, हे त्यांना मालकाने स्वतः आणि सर्वांसमोर सांगावे. मुलाकडून निरोप पाठवू नये. निदान दहा बिले मालकाने स्वतःच्या हाताने संगणकात भरून पाहावीत. दोन महिने जुनी वही आणि नवा संगणक दोन्ही चालू ठेवावेत व दर शनिवारी दोन्हींची शिल्लक ताडून पाहावी. आणि सुरुवात रमजानच्या शेवटच्या पंधरवड्यात, दिवाळीत किंवा मार्चअखेरीस करू नये. धंदा मंद असतो अशा पावसाळ्यातल्या एखाद्या महिन्यात करावी. त्या वेळी शिकणाऱ्याच्या चुका खपतात आणि शिकवणाऱ्यालाही सवड असते.