भांड्यावर नाव, मग गाण्यावर का नाही?

धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूरकडे निघालं की वाटेत सोनगीर लागतं. किल्ल्याचं गाव आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. लग्नाची भांडी घेताना त्यावर आपण हौसेनं नाव घालून घेतो. कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं. सासूबाईंच्या हंड्याला पोचे आले तरी तो मोडीत घालवत नाही, तो त्या नावामुळेच. पण त्याच सासूबाई अखाजीला माहेरच्या झोक्यावर जी अहिराणी गाणी म्हणत, ती कुणाची, कुठली, हे कुठे लिहिलंय का?

घरात म्हटलेल्या गाण्यावर नाव कसं चढलं, याची अमेरिकेतली एक गोष्ट ऐका. व्हर्जिनियातल्या डोंगराळ खेड्यात कार्टर कुटुंब राहत होतं. सारा, तिचा नवरा ए. पी. आणि मेबेल. सारा आणि मेबेल नात्यानं बहिणी आणि सासरी जावा-जावा! ऑगस्ट १९२७मध्ये ब्रिस्टल गावात व्हिक्टर कंपनीनं ध्वनिमुद्रणाचं यंत्र मांडलं होतं. ही तिघं मोटारीनं तिथे पोचली. मेबेल अठरा वर्षांची, दिवस भरत आलेले. साराचं मूल तान्हं. दोन दिवसांत सहा गाणी झाली, प्रत्येकी पन्नास डॉलर मिळाले. तेव्हा एका तबकडीवर दोनच गाणी मावत. तरीही ग्रामीण अमेरिकेच्या ‘कंट्री’ संगीताचा पाया घालणाऱ्यांत आज या सहा गाण्यांची गणना होते.

त्यातलं एक गाणं साराला मुळीच आवडत नव्हतं. कंपनीचे राल्फ पीअर यांनी आग्रह धरला म्हणून ती गायली आणि लोकांनी नेमकं तेच उचलून धरलं. विषय काय, तर कुमारिका नटूनथटून हिंडते आणि लग्न झालेली पाळणा हलवत बसते. आपल्या सासर-माहेरच्या गाण्यांहून हे काही फार वेगळं नाही, नाही का?

आपल्याकडे असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव यांच्यामुळे त्यांची गाणी जपली गेली. बहिणाबाई १९५१मध्ये वारल्या, पुस्तक १९५२मध्ये निघालं, आणि १९६१च्या ‘मानिनी’ चित्रपटातून ती गाणी घरोघरी पोचली. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्याही गाणारणीच्या आणि गावाच्या नावासकट.

आपल्याला स्टुडिओ नको, हातातला मोबाईल पुरे. येत्या अखाजीला किंवा कानबाईला एवढं करा:

• पंखा, मिक्सर, टीव्ही बंद करा. मोबाईल गाणारीपासून हातभर अंतरावर ठेवा.

• आधी तिच्याच तोंडून नाव, माहेर, सासर आणि साल म्हणवून घ्या. गाणं कुणाकडून शिकली, तेही विचारा.

• मध्ये थांबवू नका. अडलेल्या अहिराणी शब्दांचे अर्थ नंतर वहीत लिहा.

• दुसऱ्या कुणाला पाठवण्याआधी तिला विचारा. गाणं तिचं आहे.

• एक प्रत दुसऱ्या फोनवरही ठेवा.

आजेसासूबाई ‘माझा आवाज आता कसला!’ म्हणतील. म्हणू द्या, पण गायला लावा. हंडा पुढेमागे बाजारात दुसरा मिळेल. हा आवाज कुठे मिळायचा?