विमान पडवीत मावते

बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात एचटी-२ नावाचे एक लहान विमान उभे आहे. लोकांचे पाय सी हॅरियरकडे आणि चार इंजिनांच्या अजस्र सुपर कॉन्स्टेलेशनकडे आपसूक वळतात. त्यांच्यापुढे हे विमान नजरेत भरत नाही. एकामागे एक बसणाऱ्या दोन माणसांचे हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये बंगळुरूला पहिल्यांदा उडाले. भारतात आरेखन होऊन रीतसर उत्पादनात गेलेले ते पहिले विमान. ज्यांच्या देखरेखीखाली ते घडले ते डॉ. विष्णू माधव घाटगे १९०८ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपू या खेड्यात जन्मले. जर्मनीत ग्योटिंगनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये उभारलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी आधी ग्लायडर केले, मग एचटी-२, मग १९५८ मध्ये ‘पुष्पक’. कापडाने मढवलेले, दोन आसनांचे हे पुष्पक देशातल्या फ्लाइंग क्लबांचे वर्षानुवर्षे हक्काचे विमान होते.

मराठीत विमान बांधण्याचा विषय निघाला की पहिले नाव शिवकर बापूजी तळपदे यांचे येते: १८९५, चौपाटी, ‘मरुत्सखा’. त्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’शी त्या कथेचे नाते जोडले जाते, त्यातली यंत्रे उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला. अभिमानच बाळगायचा तर घाटग्यांचा बाळगावा, असे मला मनापासून वाटते. त्यांचे विमान डोळ्यांसमोर उभे आहे, आणि ते आपल्या गोव्यात उभे आहे.

तेवढ्याच आकाराचे विमान आज जगभर लोक घरी बांधतात. मोटार ठेवायच्या जागेत, गोठ्यात, दिवाणखान्यात. कंपनी लाकडी खोक्यांतून भागांचा संच, म्हणजे किट, पाठवते: कापून, वाकवून, भोके पाडून तयार केलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, फासळ्या, नळ्या, नटबोल्ट आणि जाडजूड आराखडे. इंजिन, पुढचा पंखा आणि उपकरणे बहुधा वेगळी घ्यावी लागतात, आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो. अमेरिकेत अशा विमानाला ‘प्रायोगिक’ वर्गात परवाना मिळतो तो एका अटीवर: निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी आणि आनंदासाठी केलेले असावे. लोक त्याला एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात. दोन आसनांच्या पत्र्याच्या विमानाला दीड-दोन हजार तास लागणे नेहमीचे. रोज संध्याकाळी दोन तास धरले तरी दोन ते पावणेतीन वर्षे झाली.

त्या तासांत माणूस नेमके करतो काय, हे एका रिव्हेटवरून समजते. दोन पत्रे एकावर एक ठेवून भोके जुळवायची. भोकाची कड आधी साफ करायची. आपले फिटर त्याला ‘बर काढणे’ म्हणतात. ती कड खरबरीत राहिली, तर पुढे हजारो हेलकाव्यांनंतर चीर तिथूनच सुटते. मग रिव्हेट बसवायचा. एका बाजूने एकजण हवेवर चालणाऱ्या हातोडीने डोक्यावर ठोके देतो, दुसऱ्या बाजूने दुसरा गुळगुळीत पोलादी ठोकळा दाबून धरतो, आणि मधली दांडी चेपून तिचे दुसरे डोके तयार होते. हे डोके दांडीच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच हवे. म्हणजे ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटला रुंदी ४.८ आणि उंची १.६. कमी चेपला तर सैल, जास्त चेपला तर तडकलेला, ठोकळा तिरका धरला तर डोके एका अंगाला झुकलेले. चुकलेला रिव्हेट डोक्यावर छिद्र पाडून काढायचा, आणि काढताना भोक मोठे होऊ द्यायचे नाही. हेच काम हजारो वेळा. एकट्याने होत नाही, म्हणून या छंदात घरचे माणूस ठोकळा धरायला हवेच: बायको, मुलगी, शेजारचा निवृत्त माणूस, कोणीतरी.

भोक कसे पाडले जाते याला किती महत्त्व आहे, ते साऱ्या जगाने पाहिले. ओरेगॉनमधली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी कंपनी. रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन यांनी ती १९७३ मध्ये काढली आणि त्यांच्या आरव्ही मालिकेतली अकरा हजारांहून अधिक विमाने घरी बांधली जाऊन उडाली. मागणी वाढली म्हणून काही भागांची भोके ठोकून पाडण्याऐवजी लेझरने कापली गेली, आणि कडा चेपताना त्यांना बारीक चिरा पडू लागल्या. ते भाग बदलून देण्याचा बोजा आणि वाढलेले खर्च यांखाली कंपनीला डिसेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरी कायद्याचे संरक्षण मागावे लागले. पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेर आली. चिरा सापडल्या त्या बांधणाऱ्यांना, आपापल्या टेबलावर. अनोळखी हजारो हातांनी एकच भाग तपासण्याचा हा फायदा मला फार मोलाचा वाटतो.

या छंदाचे वय विमानाइतकेच आहे. सांतोस-दुमाँ यांच्या ‘दमुआझेल’ या चिमुकल्या विमानाचे आराखडे १९१० मध्ये एका अमेरिकी मासिकाने छापले, म्हणजे कोणीही वाचून बांधावे. फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांनी १९३३ मध्ये ‘पू-द्यु-स्येल’ उडवले आणि पुढच्या वर्षी ते कसे बांधायचे याचे पुस्तक काढले. शेकडो लोकांनी लाकूड-कापड जमवले. मग माणसे मरू लागली. वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून पाहिल्यावर कारण कळले: पुढचा आणि मागचा पंख इतके जवळ होते की नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेले की विमान पुन्हा वर येतच नसे. १९३६ मध्ये त्यावर बंदी आली. आरेखनातला दोष कितीही कसबी सुतारकामाने झाकता येत नाही. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकीला हौशी विमान बांधणाऱ्यांची संघटना उभी केली. पुढे तिचा कणा ठरला तो अनुभवी माणसांनी दुसऱ्याचे काम जाऊन पाहण्याचा रिवाज. पत्रा मढवून आतले झाकले जाण्याआधी कोणीतरी टॉर्च घेऊन येतो, आत डोकावतो आणि सांगतो, हा बोल्ट पुन्हा कस.

भारतात किटची विमाने झाली, पण बहुतेक दुसऱ्यांसाठी. बंगळुरूच्या राज हंसने ‘एक्स-एअर’ नावाची हलकी विमाने बनवली. ती फ्रान्स-ब्रिटनमधल्या लोकांनी किट म्हणून घेऊन घरी जोडली. बंगळुरूच्याच राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने ऐंशीच्या दशकात बर्ट रुटान यांच्या ‘लाँग-ईझेड’ या घरी बांधायच्या विमानावर बेतलेले विमान करून फायबरचे काम शिकून घेतले, आणि पुढे ‘हंसा’ केले. मूळचे केरळचे अशोक थामराक्षन यांनी टाळेबंदीच्या काळात इंग्लंडमध्ये चार आसनांचे ‘स्लिंग’ बांधले आणि कुटुंबाला घेऊन युरोपभर हिंडले. ही बातमी २०२२ मध्ये आपल्याकडेही गाजली. तिकडे तपासनीस, धावपट्टी आणि परवाना यांची वाट मळलेली होती, हे मात्र त्या बातम्यांत क्वचितच आले.

वाट नसताना काय होते, ते कॅप्टन अमोल यादव यांनी भोगले. त्यांचे विमान किटचे नव्हते. आरेखनापासून सगळे त्यांचे होते, आणि म्हणूनच काम कितीतरी अवघड. व्यवसायाने वैमानिक असलेल्या या माणसाने कांदिवलीतल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान उभे केले. नोंदणीसाठी अर्ज २०११ मध्ये गेला. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. व्हीटी-एनएमडी हे नोंदणीचिन्ह मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडले, उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये आला आणि चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. त्यांच्या चिकाटीचे गोडवे सगळ्यांनी गायले. मला नोंदणीत गेलेल्या त्या सहा वर्षांची चीड येते. नियम स्पष्ट असते आणि दर टप्प्याला पाहायला येणारा अधिकारी ठरलेला असता, तर ती वर्षे विमान सुधारण्यात गेली असती.

दुसरी हकीकत याहून कडू आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीच्या एका तरुण पत्राकारागिराने स्वतःच्या हिकमतीने हेलिकॉप्टर बनवले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये जमिनीवरच चाचणी घेताना शेपटीचा पंखा तुटला, मुख्य पंख्यावर आदळला आणि तो तरुण गेला. वर्तमानपत्रांनी त्याला चित्रपटातल्या नायकाची उपमा दिली. पण त्या पंख्याची जोडणी आधी कोणा जाणत्याने पाहिली असती तर? गावोगावी असे हात आहेत. त्यांना टाळ्या मिळतात, तपासणारे डोळे मिळत नाहीत.

आता गोव्याकडे येतो, कारण हात इथेही भरपूर आहेत. डिचोली तालुक्याने अनेक पिढ्या खाणी पाहिल्या. त्यांच्या वर्कशॉपांनी आणि मांडवीतल्या बार्जींनी फिटर, वेल्डर, डिझेल मेकॅनिक घडवले. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा यांतले कितीतरी कसबी लोक हातावर हात ठेवून बसले. साखळीजवळ विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत घरी बनवलेल्या नौका सोडतात, त्यांची स्पर्धा लागते. महिना-महिना खपून केलेली ती शिडे, ते दिवे, तो तोल पाहिला की हलके आणि डौलदार काही घडवण्याची ओढ या मातीत आहे याबद्दल शंका उरत नाही.

आणि दिवाडी बेटावरचा दाखला तर थेट लागू पडतो. रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस या लहानशा बोटयार्डात ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली गेली, लाकडी गाभ्यावर फायबर चढवून. २००९ मध्ये ती नौदलात आली आणि त्याच वर्षी कमांडर दिलीप दोंदे तिला घेऊन निघाले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यानंतर २०१७-१८ मध्ये याच यार्डातल्या ‘तारिणी’वरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी जगाला वळसा घालून आल्या. दक्षिण महासागराचे तडाखे सोसणारे काम इथले कारागीर करू शकतात, तर पंखही करू शकतील.

मात्र बोटीची सवय जशीच्या तशी विमानाला चालत नाही. रुटान पद्धतीत फोमचा ठोकळा तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापतात आणि त्यावर काचकापड व रेझिन चढवतात. बोटींसाठी सर्रास वापरले जाणारे पॉलिएस्टर रेझिन त्या फोमवर ओतले, तर फोम डोळ्यांदेखत विरघळून खड्डा पडतो. तिथे इपॉक्सीच हवे, तेही रेझिन आणि हार्डनर काट्यावर तोलून. बोटीत जास्तीचे रेझिन म्हणजे भक्कमपणा असे मानून चालते. पंखात ते निव्वळ मेलेले वजन, म्हणून कापड ओलेचिंब करून वरचे रेझिन पुन्हा खरवडून काढतात. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे इपॉक्सीवर चिकट साय धरते. ती धुऊन, घासून काढल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. जून ते सप्टेंबर बंद खोली आणि ओल शोषणारे यंत्र असल्याखेरीज हे काम गोव्यात करू नये. असे विमान रंगवायचे तेही पांढरेच, कारण एप्रिलच्या उन्हात गडद रंग इतका तापतो की आतले इपॉक्सी मऊ पडू शकते. पत्र्याच्या विमानाला वेगळा शत्रू आहे, खारा वारा. प्रत्येक पत्रा जोडण्याआधी दोन्ही बाजूंनी प्रायमर, आणि ॲल्युमिनियमला पोलाद उघडे टेकू द्यायचे नाही.

जागेचा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. दोन आसनी विमानाचा एकेक पंख चार मीटरच्या आसपास. पेडण्यातल्या जुन्या घराच्या पडवीत तो सहज मावतो. अडते ते उडवायला निघाल्यावर. दाबोळी नौदलाच्या ताब्यात. मोपाच्या सड्यावरच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने जा-ये करतात, म्हणजे पेडण्याचे आकाश आता मोठ्या विमानांचे झाले. हरमल-केरीच्या कड्यावर समुद्राच्या वाऱ्यावर पॅराग्लायडर तरंगतात, पण इंजिनाचे विमान परवानगीवाचून तिथे फिरकू शकत नाही आणि फिरकू नये. पहिल्या चाचणीसाठी धुळ्यासारखी फारशी वर्दळ नसलेली धावपट्टीच गाठावी लागेल. पंख सोडवून ट्रकवर घालून नेणे शक्य आहे. जगभर तसेच करतात.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. डिचोली आणि पेडणे दोन्हीकडे सरकारी आयटीआय आहेत. सीमेपलीकडे बेळगावजवळ हत्तरगीला एकस या कंपनीच्या वसाहतीत विमानांचे सुटे भाग बनतात, म्हणजे मोजमापाची शिस्त आणि ती शिकवू शकणारी माणसे दोन-तीन तासांच्या वाटेवर आहेत. सुरुवात विमानाने करूच नये, शेपटीने करावी. अनेक कंपन्या किट टप्प्याटप्प्याने विकतात आणि शेपटीचा भाग पहिला येतो. तो वर्गातल्या लांब टेबलावर मावतो, चुकला तर त्यातला पत्रा बदलता येतो, आणि त्यात पुढे लागणारे जवळजवळ प्रत्येक काम येते. आयटीआयच्या एका तुकडीने वर्षभरात एक शेपटी पुरी करावी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अभियंत्याने ती मढवण्याआधी एकदा आणि मढवल्यावर एकदा येऊन पाहावी, प्रत्येक शेरा वहीत लिहून सही करावी. पंखांची खोकी त्या सहीनंतर मागवावीत.