फुलोरा ओसरल्यावरची आमरी

सह्याद्रीतल्या आमरींचा, म्हणजे ऑर्किडांचा, फुलोरा सुकू लागला की आधी पाकळ्यांमागचा देठासारखा भाग पाहावा. त्यातच अंडाशय असतो. परागण झालेल्या फुलाच्या पाकळ्या लवकर मलूल होतात आणि बहुधा फुगणाऱ्या बोंडाच्या टोकाशी कागदासारख्या चिकटून राहतात. बोंडावर उभ्या कडा उठतात. कीटक फिरकलाच नाही, तर ते फूल वाळते, बरेचदा गळून दांड्यावर नुसता व्रण ठेवते. व्रण नि बोंडे मोजली की हंगामाचा ताळेबंद हाती येतो, आणि तो बहुधा तोट्याचाच असतो. मधुरस न देता कीटकांना नुसते चकवणाऱ्या जातींत तर बोंडे फारच थोडी धरतात.

पुष्कळ ऑर्किडांत फूल उमलते तेव्हा बीजांडे तयारच नसतात. परागकण पोचल्यावर ती घडू लागतात. त्यामुळे परागण आणि फलन यांत आठवडे, कधी महिनेही जातात. उन्हाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या सीतेच्या वेणीची बोंडे पावसाळा उलटला तरी झाडावर हिरवीच दिसतात. कासच्या पठारावरच्या हबेनारियांना मात्र एवढी सवड नाही. पाऊस सरताच त्यांची पाने पिवळी पडतात, जमिनीवरचा भाग वाळतो आणि पुढच्या वर्षाची सोय नव्या कंदात झालेली असते. फुले संपली म्हणून रोप उपटणे म्हणजे तो कंदच नेणे.

पिकलेले बोंड शेंगेसारखे उकलत नाही. त्याला उभ्या फटी पडतात, शेंडा व बूड जोडलेलेच राहते, आणि वाऱ्याने दांडा हलला की फटींतून पिठासारखे बी उडते. युरोपातल्या एका ठिपकेदार ऑर्किडच्या बोंडात चार्ल्स डार्विनने सुमारे ६,२०० बिया मोजल्या होत्या. इतक्या बारीक बीत अन्नसाठा जवळजवळ नसतोच. निसर्गात त्याला रुजायला ठरावीक बुरशी लागते, हे फ्रान्समध्ये नोएल बर्नार्ड यांनी १८९९ मध्ये ओळखले. बुरशीच्या आधाराने आधी पानमुळे नसलेला एक सूक्ष्म गोळा तयार होतो. जमिनीवरच्या काही जातींत पहिले पान वर यायला वर्षे लागतात. कोवळी रोपे शोधायची तर मोठ्या रोपांच्या आसपासच बघावीत. योग्य बुरशी तिथे असण्याची शक्यता अधिक.