तुमचे स्वतःचे पैसे कुठे आहेत?

इन्व्हेस्टमेंट फर्मचा इंटरव्ह्यू म्हणजे फायनान्सची तोंडी परीक्षा, असं समजून जाल तर फसाल. तिथे जोखतात ती गोष्ट वेगळीच असते!

बीकेसीतली काचेची बिल्डिंग. गळ्यात व्हिजिटरचा पास, फोल्डरमध्ये सीव्हीच्या तीन प्रती, आणि एसी फुल्ल असूनही मानेवर घाम. समोरच्या सोफ्यावर आणखी चार जण, सगळे सेम टू सेम नेव्ही ब्लू सूटमध्ये. नाव पुकारलं जातं. आत गेल्यावर पाचच मिनिटांत लक्षात येतं, की रात्रभर घोकलेल्या फॉर्म्युल्यांपैकी एकही कुणी विचारत नाहीये. समोरचे साहेब शांतपणे पाण्याचा घोट घेतात आणि म्हणतात, ‘मुंबईत रोज किती वडापाव खपत असतील?’

म्युच्युअल फंड हाउस असो, ब्रोकरेज असो की इन्व्हेस्टमेंट बँक, तिथे इंटरव्ह्यू देऊन आलेल्या मित्रमैत्रिणींना बोलतं करा. किस्से भन्नाट असतात. कुणी पाच फेऱ्या पार करून सहाव्या फेरीत घसरलेला, कुणी पहिल्याच वाक्यात बाद झालेली, तर कुणी ‘आपलं काही खरं नाही’ म्हणत घरी आला आणि तिसऱ्या दिवशी ऑफर लेटर हातात! पण सगळ्यांचे किस्से शेजारी शेजारी ठेवले, की एक धागा स्पष्ट दिसतो. तुम्हाला किती येतं, यापेक्षा येत नाही तेव्हा तुम्ही काय करता, हे तिथे पाहिलं जातं.

चाळणीवर चाळणी

आधी ऑनलाइन टेस्ट. गणित, लॉजिक, थोडं अकाउंट्स. मग बऱ्याच ठिकाणी व्हिडिओ इंटरव्ह्यू, ज्यात समोर माणूसच नसतो. स्क्रीनवर प्रश्न येतो, विचार करायला थोडा वेळ मिळतो आणि मग कॅमेऱ्याकडे बघत बोलायचं. ना कुणी मान डोलावणारं, ना कुणी ‘हं’ म्हणणारं. गोल्डमन सॅक्सने २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये जाऊन पहिल्या फेरीचे इंटरव्ह्यू घेणं थांबवलं आणि त्याऐवजी रेकॉर्डेड व्हिडिओ आणला. आता हा प्रकार आपल्याकडेही ओळखीचा झालाय. पुण्याच्या एका एमबीए मैत्रिणीने त्यावर देशी उपाय काढला. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यामागे आजीचा फोटो चिकटवला आणि सगळी उत्तरं आजीला दिली. पुढच्या फेरीत गेली!

त्यानंतर खरी लढाई. काही ठिकाणी एकाच दिवशी चार-पाच जणांसमोर लागोपाठ बसवतात. प्रत्येक जण नव्याने विचारतो, ‘स्वतःबद्दल सांगा.’ पाचव्यांदा सांगताना आपलीच गोष्ट आपल्याला खोटी वाटायला लागते, असं एकाने सांगितलं. आणि इथेच पहिला खड्डा असतो. सीव्हीवर लिहिलेली प्रत्येक ओळ म्हणजे प्रश्नाला दिलेलं आमंत्रण. एका पठ्ठ्याने छंदांमध्ये ‘वॉरन बफे यांचं वाचन’ असं झोकात लिहिलं होतं. त्यांनी शेअरहोल्डर्सना लिहिलेल्या पत्रांपैकी कुठलं वाचलंय, असं विचारल्यावर साहेबांची बोलती बंद. त्यापेक्षा ‘क्रिकेट बघणं’ लिहिलं असतं तर निदान गप्पा तरी झाल्या असत्या.

दहा कोटींचा प्रश्न

टेक्निकल राउंडमधला एक प्रश्न इतका जुना आहे, की त्याला आता पेन्शन द्यायला हवी. ‘कंपनीचा घसारा १० कोटींनी वाढला. तिन्ही स्टेटमेंट्सवर काय परिणाम होईल?’

टॅक्स २५ टक्के धरू. घसारा वाढला म्हणजे करापूर्वीचा नफा १० कोटींनी घटला. टॅक्स अडीच कोटींनी कमी झाला. म्हणजे निव्वळ नफा साडेसात कोटींनी खाली. पण घसाऱ्यात खिशातून पैसा जात नाही, त्यामुळे कॅश फ्लोमध्ये ते १० कोटी परत मिळवायचे. वजा साडेसात, अधिक दहा. हातातली कॅश अडीच कोटींनी वाढली! आता ताळेबंद. मालमत्तेच्या बाजूला मशिनरी १० ने कमी, कॅश अडीचने जास्त, एकूण साडेसात कमी. दुसऱ्या बाजूला राखीव नफा साडेसात कमी. दोन्ही बाजू जुळल्या. फंडा क्लिअर.

हे उत्तर पाठ करता येतं, आणि तेच विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून लगेच पुढचा बाण सुटतो. ‘ती मशीन कर्ज काढून घेतली असेल तर?’ डोंबिवलीच्या एका सीए मुलाची गाडी नेमकी इथे अडली. कागदावर आकडेमोड केली, पण ताळेबंद काही जुळेना. त्याने पेन खाली ठेवलं आणि सांगून टाकलं, की माझं कुठेतरी चुकतंय, व्याज धरायचं राहिलंय बहुतेक, पुन्हा सुरुवातीपासून करतो. पुन्हा केलं, जुळलं. त्याला वाटलं, गेली नोकरी. मिळाली! त्याच दिवशी त्याच्याबरोबर आलेल्या दुसऱ्याने मात्र न जुळणारा आकडा आत्मविश्वासाने ठोकून दिला होता. इंग्रजी त्याचं जास्त फर्डं होतं. त्याला फोन आला नाही.

वडापाव आणि फासा

आता वळू या वडापावकडे. खरा आकडा विचारणाऱ्यालाही माहीत नसतो. बघायचं असतं ते डोकं कसं चालतं. मुंबईची लोकसंख्या साधारण सव्वा कोटी धरा, २०११ च्या जनगणनेतला आकडा जवळपास तेवढाच आहे. पाचातला एक जण रोज एक वडापाव खातो असं मानलं तर २५ लाख झाले. इथे थांबलात तर पास. पण ‘लोकलने बाहेरून रोज येणारे मी धरलेले नाहीत आणि तान्ही बाळं वगळलेली नाहीत’ असं स्वतःहून म्हणालात तर डिस्टिंक्शन. आपल्या आकड्यातली भोकं आपणच दाखवायची, हे या धंद्यातलं अर्धं काम आहे.

ट्रेडिंगच्या जागेसाठी असाल तर फासे येतात. एक फासा टाका, जितका आकडा पडेल तितके रुपये मिळतील. सरासरी किती? साडेतीन. आता आकडा आवडला नाही तर एकदाच पुन्हा टाकायची मुभा. मग? चार, पाच, सहा पडले तर थांबायचं, त्यांची सरासरी पाच. एक, दोन, तीन पडले तर पुन्हा टाकायचं, म्हणजे साडेतीन. दोन्हींची शक्यता अर्धी-अर्धी, म्हणून उत्तर सव्वाचार. गणित सोपंय, पण हातातलं कधी सोडायचं आणि कधी धरून ठेवायचं, हाच तर शेअर बाजारातला रोजचा प्रश्न!

‘तुम्ही चुकलात तर?’

कुठला शेअर घ्याल आणि का, हा प्रश्न हमखास येतो. नव्वद टक्के तयारी इथे होते आणि नव्वद टक्के पोरं इथेच धडपडतात. कारण तुम्ही काहीही सांगा, समोरचा विरुद्ध बाजू घेतो. पुण्याच्या त्याच एमबीए मैत्रिणीने एका औषध कंपनीची बाजू मांडली, तर समोरच्याने वीस मिनिटं तिचं म्हणणं पिंजून काढलं. निर्यातीवर बंधनं आली तर? किंमत आधीच फुगलेली असेल तर? तिने दोन मुद्दे मान्य केले, एक सोडला नाही, आणि कुठली गोष्ट घडली तर मी हा शेअर विकेन, तेही सांगितलं. तेच तर हवं होतं.

हे वाद घालणं उगाच नसतं. २३ मार्च २०२० आठवा. लॉकडाउनच्या धास्तीने सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी, म्हणजे साधारण १३ टक्क्यांनी कोसळला. त्या दुपारी कुणाच्या तरी हातात लोकांची एसआयपी होती, कुणाच्या हातात निवृत्तीचा पैसा. घाबरून सगळं विकणारा माणूस नको, आणि माझं चुकूच शकत नाही म्हणणारा तर अजिबातच नको.

बाबांची एफडी आणि यूएस-६४

आणि मग येतो तो प्रश्न, ज्याची तयारी कुणीच करत नाही. ‘तुमचे स्वतःचे पैसे कुठे आहेत?’

मराठी घरातल्या पोरांची इथे विकेट पडते. कारण खरं उत्तर असतं एफडी, पीपीएफ आणि आईने करून दिलेलं रिकरिंग! शेअर म्हणजे सट्टा, हे आपण बाळकडूसारखं प्यायलेलो असतो. त्याला कारणंही आहेत. १९९२ च्या घोटाळ्यात हात पोळलेला एखादा काका ओळखीत असतोच. जुलै २००१ मध्ये यूटीआयने यूएस-६४ या योजनेची खरेदी-विक्री थांबवली, तेव्हा ‘सरकारी आहे, बुडणार नाही’ म्हणून पैसे ठेवलेल्या मध्यमवर्गाचा श्वास अडकला होता.

नाशिकच्या एका मुलाने हे सगळं खरंखरं सांगितलं. वडिलांचे पैसे यूएस-६४ मध्ये होते, त्यानंतर घरात बाजाराचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून मी पहिल्या पगारातून पाचशेची एसआयपी घरी न सांगता सुरू केली. पुढची पंधरा मिनिटं फॉर्म्युले बाजूला पडले आणि घाबरलेल्या गुंतवणूकदाराशी कसं बोलायचं, यावर चर्चा रंगली. दोन शेअरची नावं ठोकून देणं सोपं होतं. पण कधी घेतला, कितीला घेतला, असं विचारलं असतं तर?

हा प्रश्न आगाऊपणाचा वाटेल, पण खुद्द सेबीनेच तो फंडवाल्यांना विचारलाय. २०२१ मध्ये नियम आला, की म्युच्युअल फंड कंपन्यांच्या महत्त्वाच्या कर्मचाऱ्यांच्या पगारातला किमान २० टक्के भाग त्यांच्याच योजनांच्या युनिट्समध्ये द्यायचा. २०२५ मध्ये हे प्रमाण पगाराच्या टप्प्यांनुसार ठरवलं गेलं. तत्त्व तेच. लोकांना वाढताय ते आधी स्वतःच्या ताटात घ्या.

त्यांचीही परीक्षा

सगळंच काही गोडगोड नसतं. एका मुलीला थेट विचारलं गेलं, लग्नानंतर उशिरापर्यंत थांबायला जमेल का? तिच्यासोबतच्या मुलांना अर्थातच नाही. कुणाचं उत्तर चालू असताना समोरचा मोबाइलवर बोट फिरवत होता. कुणाला ‘कळवतो’ म्हणून सांगितलं आणि आजतागायत कळवलेलं नाही. आणि हो, खरं बोललं की नोकरी पक्की, असंही नाही. खरं बोलून नकार घेऊन आलेलेही आहेत. पण जिथे ‘माहीत नाही’ म्हटल्यावर हसतात, तिथे उद्या तोटा झाल्यावर तो लपवायलाच सांगतील. अशा ठिकाणी निवड न होणं हा तोटा नव्हे, स्टॉप लॉस समजा.

जाण्याआधी एवढं कराच

• सीव्हीतल्या प्रत्येक ओळीवर दोन मिनिटं बोलून बघा. अडखळलात की ओळ खोडा.
• एकच कंपनी निवडा, पण तिचा वार्षिक अहवाल नीट वाचा. ती का घ्यायची याची तीन कारणं आणि का घेऊ नये याचीही तीन काढा.
• रिसर्च अॅनालिस्ट व्हायचंय? एनआयएसएमची सिरीज १५ परीक्षा आधीच देऊन ठेवा. ती पुढे लागतेच.
• ‘माहीत नाही’ म्हणा, पण तिथेच थांबू नका. ‘शोधायचं झालं तर मी अशी सुरुवात करेन’ हेही सांगा.
• शेवटी ‘काही विचारायचंय?’ म्हणाले, तर पगारावर उडी मारू नका. तुमचा कुठला निर्णय चुकला आणि तेव्हा टीमने काय केलं, हे विचारा. उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात, त्यावरून ऑफिस कसं आहे ते कळेल!