चिकू बूड घासत होता आणि आम्ही हसत होतो

आमच्या घरी पॉमेरेनियन आहे, चिकू. वजन साडेचार किलो, रुबाब मात्र ताडोबातल्या वाघाचा. दिवाळीनंतर एका संध्याकाळी तो फरशीवर बसला, मागचे पाय पुढे ताणले आणि बूड घासत घासत थेट टीव्हीपर्यंत गेला. मी लगेच मोबाइल काढला, व्हिडिओला गाणं लावलं आणि ग्रुपवर सोडून दिला. हसून हसून सगळ्यांचं पोट दुखलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जंत झाले असतीन, दुसरं काय!" आईने जंताचं औषध दिलं. घासणं काही थांबलं नाही.

आठवड्याभरात तो शेपटीला हात लावू देईना. सोफ्याला सडक्या मासळीसारखा वास यायला लागला, तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न होता, "याची शी कशी होते? घट्ट की पातळ?" घरातल्या चौघांपैकी एकालाही सांगता आलं नाही!

कारण साधं आहे. चंद्रपुरात आमच्या भागात बिबट्या फिरतो आणि कुत्रं हे त्याचं सोपं भक्ष्य. त्यामुळे अंधार पडला की चिकूचं बाहेर जाणं बंद. तो गच्चीवर उरकतो आणि सकाळी जो आधी उठेल तो न बघता पाणी ओततो. चालणं कमी, वजन जास्त, आणि शीकडे कोणाचं लक्ष नाही.

तर झालं होतं असं. कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात ४ आणि ८ असतात त्या जागी, दोन छोट्या पिशव्या असतात. त्यात उग्र वासाचा द्रव साठतो. शी घट्ट असली की जाताना पिशव्या दाबल्या जातात आणि रिकाम्या होतात. शी बरेच दिवस पातळ राहिली की द्रव आतच राहतो, घट्ट होतो, कधी त्यात पू होतो. लहान जातींच्या कुत्र्यांना हा त्रास जास्त. आणि दिवाळीभर आम्ही चिकूला काय दिलं? चिवडा, चकली आणि पाहुण्यांच्या लाडाची सावजी रश्श्यात बुडवलेली पोळी. तिखट-तेल तर आहेच, त्यात रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक असतो, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

डॉक्टरांनी हातमोजे घालून पिशव्या रिकाम्या केल्या, पाच मिनिटांत. एका बाजूला पू होता, म्हणून औषधं सुरू झाली. शेपटीखालचे केसही कापले, त्यात वाळलेली शी अडकली होती. (हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.) व्हिडिओ पाहून घरी पिशव्या दाबायला जाऊ नका, सुजलेली असली तर इजा होते. जेवणात आता उकडलेलं कोहळं असतं, म्हणजे लाल भोपळा. बिनमिठाचं. शी बांधून होते.

काकूही अगदीच चुकीच्या नव्हत्या. जंतांनीही खाज सुटते. शीत किंवा शेपटीच्या केसांत तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. कुत्रं अंग चावताना पिसू गिळतं आणि त्यातून तो पोटात जातो. म्हणजे नुसतं जंताचं औषध देऊन भागत नाही, पिसवाही घालवाव्या लागतात. गोल जंतांची अंडी तर माणसाच्याही पोटात जाऊ शकतात, तेव्हा शी उचलल्यावर साबणाने हात धुवा.

घासण्यासाठी एक-दोन दिवस थांबलं तर एकवेळ चालेल. उलट्या आणि रक्ताची हगवण असेल तर नाही. गडचिरोलीत खोली करून राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने पिल्लू आणलं होतं. लस बाकी होती. हगवण लागली, तेव्हा तिने माणसांची गोळी दिली आणि रविवार जाऊ दिला. सोमवारी डॉक्टर म्हणाले, पार्व्हो. एवढ्याशा जिवातलं पाणी किती लवकर संपतं, ते तिने पाहिलं. बुधवारी पिल्लू गेलं. तिच्या खोलीत अजून त्याची वाटी आहे.

चिकू आता बरा आहे. मी रोज सकाळी, पाणी ओतायच्या आधी, गच्चीवर वाकून बघतो. आई म्हणते, "पेपरात नोकरी लागली म्हणून पोराला शिकवलं, अन् हा काय बघत बसला!" तो व्हिडिओ मी डिलीट केला, पण तोवर ग्रुपमधल्या चौघांनी पुढे पाठवला होता.