सेवेकऱ्याची रजा

अमेरिकेतल्या मॉर्मन पंथात एक पद्धत आहे. नोकरीधंद्यातून निवृत्त झालेली, मुलंबाळं मार्गी लागलेली जोडपी स्वतःच्या खर्चानं परमुलखात मिशनच्या कामाला जातात; कुणी सहा महिने, कुणी दीड-दोन वर्षं. वय साठ-पासष्टच्या पुढचं. म्हणजे नेमकं ते वय, ज्यात नातवाचं लग्न निघतं, थोरल्या भावाची पंचाहत्तरी येते आणि विखुरलेल्या साऱ्या कुटुंबानं एकदा एकत्र जमावं असा घाट घरातलं कुणीतरी घालतं. अशा वेळी काम अर्धवट टाकून चार दिवस घरी जाऊन यावं की नाही, हा प्रश्न त्यांना पडतो. अलीकडे पंथानं महत्त्वाच्या कौटुंबिक प्रसंगापुरती, स्वखर्चानं घरी जाण्याची मुभा दिली आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ही बाब किरकोळ वाटेल. पण सेवेला वाहून घेतलेल्या माणसाच्या वेळेवर त्याच्या घरच्यांचा हक्क उरतो की नाही, हा त्यामागचा प्रश्न जुना आहे आणि महाराष्ट्राच्या मातीत त्याचा दोनशे वर्षांचा पुरावा पडलेला आहे. तो पाहिला की माझं मत एका बाजूला झुकतं. घरी जाण्याची रजा हा सेवेतला खंड मानू नये, तो सेवेच्या खर्चाचाच भाग धरावा. जिथे तो धरला गेला नाही तिथे किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली, बहुधा बायकोनं किंवा लेकरांनी.

मिशनऱ्यांचं नाव निघालं की आपल्याकडे धर्मांतराचा वाद आधी उभा राहतो. तो वाद खरा आहे, पण त्याचा निकाल इथे लावायचा नाही. इथे मिशनरी हा फक्त घरापासून हजारो कोस दूर राबणारा माणूस आहे. अशा माणसांच्या पहिल्या पिढीला परत जाण्याची कल्पनाच वर्ज्य होती. 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये तिथेच वारले. मधल्या चाळीस वर्षांत इंग्लंडला गेले नाहीत. गोव्यात पोचल्यावर काही आठवड्यांतच त्यांनी वडिलांना प्रवासाची सविस्तर हकीकत लिहिली, पुढे भावालाही पत्र पाठवून इथल्या भाषांची तारीफ केली. घरची ओढ होती. तिला वाट तेवढी कागदाची होती. पण स्टीफन्स संन्यस्त जेझुइट, त्यांच्यामागे संसार नव्हता. विल्यम केरी यांची गोष्ट वेगळी. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी शब्दकोश छापणारे केरी १७९३ मध्ये बंगालमध्ये आले ते १८३४ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे ४१ वर्षं, एकदाही मायदेशी गेले नाहीत. चरित्रकार हे कौतुकानं सांगतात. त्यांची पत्नी डोरोथी मुळात यायलाच तयार नव्हती. १७९४ मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला आणि तिच्या मनाचा तोल कायमचा ढळला. पुढची बरीच वर्षं तिला खोलीत कोंडून ठेवावं लागलं आणि १८०७ मध्ये ती वारली. मराठी छापील पुस्तकांच्या इतिहासात केरींचं ऋण आपण मानतो आणि मानायलाच हवं. त्या ऋणाच्या खात्यात डोरोथीचं नाव मात्र कुणी लिहीत नाही.

मुंबईत १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. केपला वळसा घालून शिडाच्या जहाजानं यायला चार-पाच महिने लागत. त्यामुळे या मिशनऱ्यांना पाठवणाऱ्या बोस्टनच्या मंडळाची धारणा अशी की गेलेला माणूस जन्माचा गेला. परतायचं ते प्रकृती पार ढासळली तरच. १८२५ मध्ये हॉल यांची दोन मुलं हवेमुळे आजारी पडली, म्हणून पत्नी मार्गारेट त्यांना घेऊन अमेरिकेला निघाली. हॉल मागे राहिले, कारण काम सोडून जाणं त्यांना पटेना. थोरला मुलगा समुद्रातच गेला. पुढच्या वर्षी, मार्च १८२६ मध्ये, नाशिक-त्र्यंबकच्या बाजूला पटकीच्या साथीत औषधं आणि पुस्तिका वाटत फिरताना हॉल यांना स्वतःलाच पटकी झाली आणि परतीच्या वाटेवरच्या एका खेड्यात ते वारले. वय ४१. त्या काळच्या मिशन साहित्यात हा मृत्यू वीरमरण म्हणून रंगवला गेला. त्यांच्या धैर्याबद्दल शंका नाही. परंतु एखाद्या संस्थेच्या नियमात बापानं आजारी मुलांबरोबर जावं याला जागाच नसेल, तर त्या संस्थेनं त्यागाचं भांडवल करताना जरा सावकाश करावं, एवढं म्हणण्याचा हक्क वाचकाला आहे.

आता याच मिशनमधली सिंथिया फरार पाहा. या अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि मुलींच्या शाळा चालवू लागल्या. दहा वर्षांत प्रकृती खालावली, तेव्हा १८३७ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. दोन वर्षांनी परत आल्या त्या थेट अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, आणि १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिल्या. म्हणजे रजेआधीची सेवा दहा वर्षांची, रजेनंतरची तेवीस. १८४८ च्या सुमारास जोतीराव फुले नगरला गेले, फरारबाईंच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या आणि पुण्यात तशी शाळा काढण्याची प्रेरणा घेऊन परतले, हे सर्वश्रुत आहे. जोतीरावांनी पाहिल्या त्या शाळा बाईंच्या दुसऱ्या खेळीतल्या. १८३७ मध्ये 'हातचं काम टाकून जायचं नाही' असा हट्ट कुणी धरला असता, तर मुंबईच्या दफनभूमीत आणखी एक दगड वाढला असता, एवढंच. रजेनं कामाचं नुकसान होतं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

ह्यूम घराण्याचा इतिहास याच हिशेबाची पुढची पानं आहे. रॉबर्ट विल्सन ह्यूम १८३९ मध्ये मुंबईत आले. पंधरा वर्षं राबल्यावर तब्येत पुरती गेली, तेव्हा १८५४ मध्ये बायको-मुलांसह घरी निघाले, फार उशिरा. वाटेत आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत ते वारले आणि त्यांना जलसमाधी दिली गेली. बरोबर असलेला मुलगा रॉबर्ट ॲलन मुंबईत जन्मलेला, तेव्हा जेमतेम सात वर्षांचा. हाच मुलगा येल आणि अँडोव्हरला शिकून १८७४ मध्ये महाराष्ट्रात आला, पाठोपाठ त्याचा भाऊ एडवर्डही मुंबईत आला. रॉबर्ट ॲलननं नगरला सुमारे पन्नास वर्षं काढली. फरक हा, की तोवर सुएझचा कालवा खुला झाला होता, आगबोटीनं प्रवास महिन्यावर आला होता आणि मंडळंही साधारण सात-दहा वर्षांनी मायदेशी जाण्याची रजा देऊ लागली होती. रजा म्हणायला. त्यातले कितीतरी महिने गावोगावच्या चर्चमध्ये भाषणं करण्यात आणि निधी गोळा करण्यात जात. रॉबर्ट ॲलन ह्यूम १८८६ मध्ये असेच घरी असताना त्यांनी एका समारंभात ख्रिस्ताचं नावही न ऐकता मेलेल्या माणसांच्या गतीबद्दल उदार मत मांडलं. ते कर्मठांना इतकं झोंबलं की त्यांना परत पाठवायचं की नाही यावर मंडळात वाद माजला आणि त्यांचं परतणं लांबलं. हिंदू शेजाऱ्यांत राहून आलेल्या माणसानं रजेच्या निमित्तानं अमेरिकन धर्मशास्त्राला लावलेला हा धक्का होता. १८९३ च्या शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत ते बोलले, आणि पुढच्या वर्षी डेट्रॉइटमध्ये असलेल्या विवेकानंदांशी मिशनरी कामावरून त्यांचा पत्रव्यवहार झाला. मुंबईत जन्मलेला अमेरिकन आणि कलकत्त्यात जन्मलेला संन्यासी, दोघेही जन्मगावापासून दूर, दोघेही भारताबद्दल भांडत आहेत, असं ते गमतीदार दृश्य. घर सोडून राहणाऱ्याला अधूनमधून घरी जाऊ दिलं की तो तिथे विसावाच घेतो असं नाही. इकडची माहिती तिकडे आणि तिकडची जाण इकडे, अशी ने-आण होते.

यावर पहिला आक्षेप आपल्या घरातूनच येईल: खऱ्या सेवेकऱ्यानं नातीगोती मागे टाकलेलीच असतात. पण मराठी परंपरा इतकी सरळसोट नाही. समर्थ रामदास बारा वर्षांचे असताना घर सोडून गेले. टाकळीचं तप आणि देशभरचं तीर्थाटन अशी चोवीस वर्षं उलटल्यावर ते जांबेला आईला भेटायला गेले, ही भेट समर्थ संप्रदाय आजही जिव्हाळ्यानं सांगतो. संन्यास घेऊन काशीत राहिलेल्या विठ्ठलपंतांना गुरूंनी परत गृहस्थाश्रमात धाडलं, तेव्हा कुठे ज्ञानेश्वर जन्मले, असं आपण मानतो. अर्थात समाजानं त्या कुटुंबाचे जे हाल केले तेही विसरायचं नाही. वारकरी पंथानं तर वैराग्याची व्याख्याच बदलली: वारीला जा आणि पेरणीला, कापणीला, पोरीच्या बाळंतपणाला घरी हजर राहा. तेव्हा घर तोडल्याशिवाय सेवा होत नाही हे मत परंपरेच्या नावावर खपवता येणार नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. लोक अवलंबून असतात, माणूस निघून गेला तर काम थांबतं. याचं उत्तर शोधायला पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यात जावं. टेमघर धरणाखालच्या मुठा खोऱ्यात, मुठा गावापासून आसपासच्या वाड्यावस्त्यांपर्यंत, आणि शेजारच्या मावळातही, चैत्र-वैशाख हा जत्रांचा हंगाम. ग्रामदैवताची पालखी, रात्रीचा छबिना, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा, घराघरांत माहेरवाशिणी. एरवी वर्षभर पुण्या-मुंबईत पांगलेली भावकी याच दोन दिवसांत एका पंगतीला बसते. कुणाची सोयरीक, कुणाच्या सातबाऱ्याचा गुंता, बांधाचं जुनं भांडण, सारं त्या पंगतीच्या आगेमागे निघतं. मुंबईचे डबेवाले बहुतांशी याच पट्ट्यातले: मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर. सव्वाशेहून अधिक वर्षं मुंबईकर त्यांच्या नेमकेपणाचे गोडवे गातात. तेच डबेवाले जत्रांच्या काळात पाच-सहा दिवस डबे बंद ठेवून गावी जातात. तारखा आधी जाहीर होतात, ग्राहकांना कळवलं जातं, आणि या दिवसांचे पैसे कापू नका अशी विनंतीही संघटना करते. मुंबई उपाशी मरत नाही. सोमवारी डबा पुन्हा वेळेवर दारात असतो. रजा जाहीर, ठरलेली आणि सगळ्यांची असली की काम मोडत नाही. अडचण होते ती एकट्यानं, गुपचूप, अपराधी मनानं घेतलेल्या रजेनं. मिशनच्या बाबतीतही परदेशी पाद्री दूर असण्याच्या काळात स्थानिक माणसांना जबाबदारी मिळाली. नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना १८५४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. गोऱ्या साहेबाशिवाय मंडळी चालू शकते, हे मान्य व्हायला तोवर चाळीस वर्षं गेली होती. माणूस हलला की त्याच्याशिवाय काय चालतं ते दिसतं, आणि कित्येकदा संस्थाचालकांना तेच पाहायचं नसतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. ही रजा कुणाला मिळाली? परदेशी मिशनऱ्याला. वर्ष-दीड वर्ष मायदेशी, शिवाय मे महिन्यात महाबळेश्वरची थंड हवा, पुढे १९०१ मध्ये कोडाईकनालला मुलांसाठी शाळाही निघाली. त्याच मिशनमध्ये खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या देशी उपदेशकाला, शाळामास्तराला, घरोघर जाणाऱ्या बायबल-बाईला असलं काही नव्हतं. धर्म बदलल्यामुळे त्यांची माणसं तर आधीच तुटलेली. भाऊबंदांच्या मेळाव्याचं आमंत्रण येण्याची शक्यता नाही, आणि आलंच तर जायला भाडं नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा राजीनामा दिला, त्यामागे पगारी, परदेशी चौकटीतल्या मिशनबद्दलची त्यांची नाराजी होती. म्हणजे रजा हा हक्काऐवजी दर्जाचा बिल्ला झाला होता. हा आरोप मी पूर्ण मान्य करतो. त्यातून रजा बंद करावी असं मात्र निघत नाही. ती खालपर्यंत पोचवावी असं निघतं. आजही चित्र फार वेगळं नाही. सामाजिक संस्थेचा संचालक परदेशातल्या मुलीकडे महिनाभर जाऊन येतो, त्याबद्दल कुणी भुवई उंचावत नाही. त्याच संस्थेचा आदिवासी पाड्यावरचा पूर्णवेळ कार्यकर्ता भाच्याच्या लग्नाला चार दिवस मागतो, तेव्हा त्याच्या निष्ठेची चर्चा होते. मानधनावर राबणाऱ्या आशाताईंना तर रजा मागायची कुणाकडे, इथपासून प्रश्न आहे.

म्हणून उतारवयातल्या सेवेकऱ्यांच्या या प्रश्नाकडे कुणाच्या भक्तीची परीक्षा म्हणून पाहण्यात अर्थ नाही. साठीतल्या माणसासाठी भावंडांचा एखादा मेळावा हा बहुधा शेवटचा असतो, कारण पुढच्या वेळी जमणाऱ्यांतलं कुणीतरी कमी झालेलं असतं. विशीतल्या स्वयंसेवकाला 'पुढच्या वर्षी जा' सांगता येतं, त्याला नाही. कोणत्याही संस्थेनं माणूस कामाला घेताना तीन गोष्टी लेखी ठरवाव्यात: वर्षातून किती दिवस तो घरी जाईल, त्याचं भाडं कोण देईल आणि त्या दिवसांत त्याची जागा कोण घेईल. तिसरी गोष्ट ठरवायला सर्वांत अवघड, कारण त्यासाठी आधीपासून दुसरा माणूस तयार करावा लागतो आणि त्याच्या हाती किल्ल्या द्याव्या लागतात.